न्यू ऑर्लिन्सच्या आतल्या वस्त्या: फ्रेंच क्वार्टरपलीकडे जाणाऱ्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू ऑर्लिन्सला जाऊन आलेल्या मराठी मंडळींकडून बऱ्याचदा एकच वर्णन ऐकू येतं: फ्रेंच क्वार्टर या जुन्या, पर्यटकांनी भरलेल्या भागातल्या बर्बन स्ट्रीटवर गर्दी होती, गोंगाट होता, दारूचा वास होता, जॅझ मात्र फारसा कानावर पडला नाही. हे ऐकून वाईट वाटतं, कारण ते ज्या संगीतासाठी एवढ्या लांब गेले, ते तिथून चालत पंधरा-वीस मिनिटांवर रस्त्यातून वाजत जात होतं. पुढचे प्रश्न भारतातून किंवा अमेरिकेच्या इतर भागांतून तिथे निघालेल्या लोकांकडून नेहमी येतात.

फ्रेंच क्वार्टर सुंदर आहे ना? मग दुसरीकडे जायचंच कशाला?

सुंदर आहेच, एक सकाळ तिथे जरूर द्या. पण या शहराचं संगीत स्टेजवर जन्मलं नाही. गुलामी संपल्यानंतर इथल्या काळ्या लोकांना विमा कंपन्या दारात उभं करत नसत. आजारपणात डॉक्टर आणि मेल्यावर नीट अंत्यविधी मिळावा म्हणून लोकांनी वस्तीवस्तीत वर्गणी काढून मंडळं स्थापली. त्यांना आजही 'सोशल एड अँड प्लेजर क्लब' म्हणतात. 'यंग मेन ऑलिम्पियन' हे त्यातलं एक मंडळ १८८४ सालचं, आणि ते अजून मिरवणूक काढतं. सभासदाच्या अंत्ययात्रेला बँड, वर्षातून एकदा मंडळाच्या मिरवणुकीला बँड, या गरजेतून ब्रास बँड, म्हणजे पितळी वाद्यांचे बँड, टिकले. १९७० च्या सुमारास ही परंपरा क्षीण झाली होती. तेव्हा डॅनी बार्कर या बँजोवादकाने जेंटिली भागातल्या फेअरव्ह्यू बाप्टिस्ट चर्चच्या पोरांना हाताशी धरून बँड उभा केला. त्या पोरांतून आणि त्यांच्या मागच्या पिढीतून आजचे बँड आले. म्हणून मूळ बघायचं तर वस्तीतच जावं लागतं.

'सेकंड लाइन' म्हणजे नेमकं काय? परक्या माणसाला तिथे जाता येतं का?

मिरवणुकीत मंडळाचे सभासद आणि त्यांचा बँड ही पहिली रांग. त्यांच्यामागून नाचत, चालत येणारी माणसं ही दुसरी रांग, म्हणजे सेकंड लाइन. आता अख्ख्या मिरवणुकीलाच तसं म्हणतात. ऑगस्टच्या अखेरीपासून जूनपर्यंत जवळजवळ दर रविवारी कुठल्या ना कुठल्या मंडळाची पाळी असते. साधारण दुपारी बारा-एकला निघते आणि चारेक तास चालते. मार्ग दर आठवड्याला डब्ल्यूडब्ल्यूओझेड या रेडिओच्या वेबसाइटवर मिळतो. तिकीट नाही, पास नाही, रस्ता सगळ्यांचा.

सुरुवातीच्या ठिकाणी वेळेआधी पोचा. सगळ्यात देखणा क्षण तिथेच असतो: दाराबाहेर बँड वाजायला लागतो आणि सभासद एकेक करून नाचत बाहेर पडतात. एका रंगाचे सूट, तसेच बूट, हातात पिसांचे मोठे पंखे, छातीवर पट्टे. या कपड्यांवर वर्षभराची बचत गेलेली असते. मग सूझाफोन (अंगाभोवती वळसा घालणारं मोठं पितळी वाद्य), ट्रॉम्बोन, ट्रम्पेट आणि ढोल यांच्या मागे माणसांचा लोंढा निघतो. वाटेत ठरलेल्या घरांपुढे, बारपुढे थांबे असतात. तिथे बँड दम खातो, लोक पाणी पितात, आणि पुन्हा सगळं सुरू होतं.

हे प्रवाशांसाठी मांडलेलं नाही. आपण नसलो तरी ते तसंच निघणार असतं, आणि म्हणूनच ते बघण्यासारखं आहे.

तिथे वागायचं कसं?

सभासद आणि बँड यांच्या दोन्ही बाजूंनी काही लोक दोर धरून चालतात. त्या दोराच्या आत कधीही जाऊ नका. फोटो काढायला बँडच्या तोंडासमोर उलटं चालू नका. आपण कडेने किंवा मागे चालायचं. नाचता येत नसेल तर ठेक्यात चाललं तरी पुरे, पण एका जागी उभं राहून वाट अडवू नये. कुणाच्या घराच्या पायऱ्यांवर, गाडीच्या टपावर चढू नये. जवळून एखाद्याचा फोटो घ्यायचा तर आधी विचारावं. बर्फाच्या पेट्या ओढत पाणी आणि बिअर विकणारे, पिकअप गाडीच्या मागे शेगडी पेटवून खायला देणारे बरोबर असतात. खिशात सुट्ट्या नोटा ठेवा आणि त्यांच्याकडूनच घ्या. वस्तीत पैसा राहण्याचा तो सगळ्यात सरळ मार्ग आहे.

अंत्ययात्रेचं मात्र वेगळं. तिथे घरचं माणूस गेलेलं असतं. कुणी बोलावलं नसेल तर दूर उभं राहून मान द्यावा, कॅमेरा बंद ठेवावा.

एकाच वस्तीला वेळ देता येणार असेल तर कुठली?

ट्रेमे. मनात शंका न ठेवता ट्रेमे.

फ्रेंच क्वार्टरच्या उत्तरेला रॅम्पार्ट स्ट्रीट ओलांडला की ही वस्ती सुरू होते. गुलामीच्या काळातही इथे स्वतंत्र काळ्या आणि क्रिओल, म्हणजे युरोपीय-आफ्रिकी मिश्र वंशाच्या, लोकांची स्वतःच्या मालकीची घरं होती. सुरुवात लुई आर्मस्ट्राँग पार्कमधल्या काँगो स्क्वेअरपासून करा. रविवारी गुलामांना थोडी मोकळीक असे. १८१७ मध्ये शहराने त्यांच्या जमण्यावर बंधन घालून त्यांना एकाच जागी जमायची मुभा ठेवली, ती जागा ही. आफ्रिकेतून आलेले ठेके, नाच आणि भाषा इथे उघड्यावर जिवंत राहिल्या. आजही रविवारी दुपारी इथे ढोल घेऊन लोक बसतात. दगडी फरसबंदीवर झाडांखाली बसून ते ऐकताना पुढे जॅझ कुठून आला हे सांगायला मार्गदर्शक लागत नाही.

तिथून सेंट ऑगस्टिन चर्चपर्यंत चालत जा. १८४० च्या दशकातलं हे चर्च स्वतंत्र काळ्या लोकांनी वर्गणी काढून उभं केलं. गुलामांसाठीही त्यांनी बाकांचे पैसे भरले होते. बाहेरच्या भिंतीशी जाड साखळ्यांचा एक मोठा लोखंडी क्रूस आहे, अज्ञात गुलामांचं स्मारक. जवळच बॅकस्ट्रीट कल्चरल म्युझियम आहे. सिल्व्हेस्टर फ्रान्सिस या वस्तीतल्याच माणसाने मिरवणुकांचे, अंत्ययात्रांचे फोटो, चित्रफिती आणि पोशाख आयुष्यभर जमवून ते उभं केलं. २०२० मध्ये ते गेले, संग्रहालय त्यांच्या घरच्यांनी चालू ठेवलं. मोठ्या संग्रहालयांसाठी वेळ कमी पडला तरी चालेल, हे चुकवू नका.

मग क्लेबॉर्न ॲव्हेन्यूवर या. तिथे आज डोक्यावरून महामार्ग जातो. १९६६ पर्यंत तिथे ओक झाडांच्या रांगा होत्या, त्यांच्या सावलीत कुटुंबं मार्डी ग्रा या मिरवणुकांच्या सणाला जमत, दोन्ही बाजूंना काळ्या व्यापाऱ्यांची दुकानं होती. झाडं तोडून पूल उभा केला. पुढे लोकांनी पुलाच्या खांबांवर ओकची झाडं रंगवली. मिरवणूक या पुलाखाली आली की बँड मुद्दाम जोर लावतो, कारण काँक्रीटखाली आवाज दुप्पट होतो. जी जागा त्यांच्याकडून हिरावली गेली, ती ते दर रविवारी वाजवून परत घेतात असं मला नेहमी वाटतं.

याच रस्त्यावर 'मदर-इन-लॉ लाउंज' आहे. गायक अर्नी के-डो यांचा हा बार ट्रम्पेटवादक कर्मिट रफिन्स यांनी २०१४ मध्ये पुन्हा सुरू केला. जेवायचं तर ऑर्लिन्स ॲव्हेन्यूवरचं 'डूकी चेझ'. हे १९४१ पासून आहे. लिया चेझ यांनी वर्णभेदाच्या काळात इथे काळ्या-गोऱ्या कार्यकर्त्यांना एका टेबलावर जेवायला वाढलं, तेही कायद्याला न जुमानता. टेबल आधी राखून ठेवा.

पिसांचे प्रचंड पोशाख घालणारे 'इंडियन्स' कुठे दिसतात? त्यांचा आपल्याशी काही संबंध?

भारताशी संबंध नाही. हे 'मार्डी ग्रा इंडियन्स' म्हणजे इथल्याच वस्त्यांतले काळे लोक. पळून आलेल्या गुलामांना अमेरिकेच्या मूळ रहिवाशांनी आसरा दिला, त्याची कृतज्ञता म्हणून ही प्रथा पडली असं ते स्वतः सांगतात. प्रत्येक टोळीचा 'बिग चीफ' असतो. मणी आणि पिसांचा पोशाख दरवर्षी नवा, हाताने शिवलेला. रात्री-रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर एकेक मणी ओवत वर्ष जातं.

ते बाहेर पडतात मार्डी ग्राच्या सकाळी, १९ मार्चला सेंट जोसेफच्या रात्री, आणि त्याच सुमारास येणाऱ्या 'सुपर संडे'ला. पहिल्या दोन दिवशी मार्ग कुणीच जाहीर करत नाही. सुपर संडे सोपा: सेंट्रल सिटीतल्या ए. एल. डेव्हिस पार्कपाशी जा. दोन चीफ समोरासमोर आले तर मागे सरका, मधली जागा त्यांची.

टूटी मोंटाना हे सगळ्यांत नावाजलेले चीफ. पूर्वीची हाणामारी थांबवून शिवणकामाच्या सौंदर्यावर स्पर्धा आणण्याचं श्रेय त्यांना देतात. २००५ मध्ये सेंट जोसेफच्या रात्री पोलिसांनी केलेल्या वागणुकीबद्दल शहराच्या सभागृहात बोलता-बोलता ते कोसळले आणि गेले. त्यांचा पुतळा आर्मस्ट्राँग पार्कमध्ये आहे.

सेंट्रल सिटीत जायचं का? हॉटेलवाले नको म्हणतात.

दिवसा, ठरवून, नक्की जा. जॅझचा पहिला राजा मानला जाणारा कॉर्नेटवादक बडी बोल्डन इथे फर्स्ट स्ट्रीटवर राहायचा. त्याचं एकही ध्वनिमुद्रण उरलेलं नाही, म्हणून ते साधं लाकडी घर जास्तच मोलाचं. लासाल स्ट्रीटवर 'ड्यू ड्रॉप इन' आहे. १९३९ मध्ये सुरू झालेल्या या हॉटेल-क्लबात रे चार्ल्स, लिटल रिचर्ड वाजवून-गाऊन गेले. अनेक वर्षं पडीक राहिल्यावर २०२४ मध्ये ते पुन्हा उघडलं. तिथे कार्यक्रमही होतात आणि खोल्याही मिळतात. ओरिथा कॅसल हेली बुलेव्हार्डवर खाण्याच्या चांगल्या जागा आहेत. रात्री कार्यक्रमाला गेलात तर दारापासून दारापर्यंत टॅक्सी करा.

बायवॉटर आणि मारिनीबद्दल सगळेच बोलतात. या वस्त्या अजून 'कमी माहितीच्या' आहेत का?

मारिनीतला फ्रेंचमन स्ट्रीट आता सर्वांना ठाऊक आहे. तरी संध्याकाळी संगीत ऐकायला तो बर्बन स्ट्रीटपेक्षा कितीतरी चांगला, 'स्नग हार्बर'मध्ये तर लोक खरोखर शांत बसून ऐकतात. बायवॉटरमध्ये रंगीत शॉटगन घरं बघत फिरा: अरुंद, लांबट, एकामागे एक खोल्या. नदीकाठच्या क्रेसेंट पार्कमधून संध्याकाळी शहर फार छान दिसतं. रॉयल आणि प्रेस स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची पाटी वाचायला थांबा. १८९२ मध्ये होमर प्लेसी गोऱ्यांच्या डब्यात बसला आणि त्याला इथे उतरवून अटक झाली. त्या खटल्याच्या १८९६ च्या निकालाने काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवण्याला पुढे अर्ध्या शतकाहून जास्त काळ कायद्याची ढाल दिली.

लोअर नाइन्थ वॉर्डमध्ये कॅटरिना चक्रीवादळाने केलेली पडझड बघायला जावं का?

पडझड बघायला म्हणून नको. २९ ऑगस्ट २००५ ला कालव्याची भिंत फुटली आणि ही वस्ती वाहून गेली, शहराचा ऐंशी टक्के भाग पाण्याखाली गेला. बांध नीट बांधलेले नव्हते म्हणून हे झालं, त्यामुळे स्थानिक लोक याला नुसती नैसर्गिक आपत्ती म्हणत नाहीत. रिकाम्या प्लॉटांसमोर गाडीतून फोटो काढत जाणारे पाहुणे त्यांनी खूप सोसले आहेत.

इथे जगलेल्या माणसांसाठी मात्र जावं. गायक-पियानोवादक फॅट्स डॉमिनो जगभर गाजल्यावरही याच वॉर्डात राहिला. वादळात तो घर सोडून गेला नाही, लोकांना वाटलं तो वारला, घराच्या भिंतीवर कुणी श्रद्धांजलीही लिहून ठेवली. प्रत्यक्षात त्याला वाचवलं होतं. त्याच्या रस्त्याला आता त्याचंच नाव आहे. सेंट क्लॉड ॲव्हेन्यूवर जुन्या मॅकडोनो १९ शाळेत नागरी हक्कांचा इतिहास सांगणारं टेप सेंटर आहे. १४ नोव्हेंबर १९६० ला सहा वर्षांच्या तीन काळ्या मुली या गोऱ्यांच्या शाळेत शिरल्या आणि बाहेर जमाव ओरडत होता. त्याच दिवशी कालव्याच्या अलीकडच्या दुसऱ्या गोऱ्यांच्या शाळेत रूबी ब्रिजेस ही आणखी एक काळी मुलगी एकटी गेली. आज टेप सेंटर त्या तिघींपैकी एकीच्या पुढाकारातून उभं आहे.

कालव्याच्या अलीकडे, अपर नाइन्थ वॉर्डमध्ये म्युझिशियन्स व्हिलेज बघा. पुरानंतर वादकांना परत येता यावं म्हणून हॅरी कॉनिक ज्युनियर आणि ब्रॅनफर्ड मार्सेलिस या इथल्याच दोन संगीतकारांच्या पुढाकाराने हबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या गरजूंना घरं बांधून देणाऱ्या संस्थेने इथे घरं बांधली. मधोमध एलिस मार्सेलिस सेंटर आहे, तिथे वस्तीतली मुलं वाद्यं शिकतात.

अल्जिअर्स?

कॅनाल स्ट्रीटच्या टोकाहून फेरीबोट घ्या. पाचेक मिनिटांत मिसिसिपीच्या पलीकडे. शांत गल्ल्या, जुनी घरं, बांधावर चालायची वाट. अर्धा दिवस पुरे.

शाकाहारी माणसाचं काय?

आधीच सांगते: अवघड आहे, अशक्य नाही. सोमवारी घरोघरी होणारा लाल राजमा-भात शाकाहारी दिसतो, पण त्यात बहुधा डुकराचं मांस किंवा सॉसेज शिजलेलं असतं. पालेभाजीतही तेच. गंबो हा इथला दाट रस्सा तर मांस किंवा कोळंबीच्या पाण्यातच होतो, आणि 'भाज्यांचा गंबो' असं लिहिलेलं असलं तरी विचारल्याशिवाय घेऊ नका. 'व्हेजिटेरियन' एवढंच म्हणणं पुरत नाही, 'नो मीट, नो सीफूड, नो मीट स्टॉक' असं तिन्ही स्पष्ट सांगा. लोक मनापासून मदत करतात.

बेनिये, म्हणजे वर पिठीसाखर घातलेले तळलेले पिठाचे तुकडे, अंडं चालत असेल तर निर्धास्त खा. उन्हाळ्यात स्नोबॉल खा, म्हणजे भुसभुशीत बर्फाचा गोळाच. चापिटूलस स्ट्रीटवरचं 'हॅन्सन्स' १९३९ पासून तो विकतं. गाडी असेल तर शहराच्या पूर्वेला व्हिलेज द लेस्टला जा. १९७५ नंतर आलेल्या व्हिएतनामी कुटुंबांची ही वस्ती पर्यटकांच्या नकाशावर जवळजवळ नसते. तिथल्या 'डोंग फुआँग' बेकरीचा पाव शहरातल्या कितीतरी सँडविचवाल्यांकडे जातो, आणि व्हिएतनामी दुकानांत टोफूचं सँडविच मिळतं.

हे सगळं सुरक्षित आहे का?

या शहरात गुन्हे होतात, ते लपवण्यात अर्थ नाही. इथे एक गल्ली निवांत आणि पुढची ओसाड असं सहज होतं. दिवसा आणि मिरवणुकीत फिरा, रात्री पायी भटकू नका, विशेषतः क्लेबॉर्नच्या पुलाखाली. भाड्याच्या गाडीत काहीही दिसेल असं ठेवू नका, काचा फोडण्याचे प्रकार नेहमीचे. मिरवणूक संपली की गर्दीबरोबरच निघा, रेंगाळू नका. आणि रस्त्यात समोरच्याला हसून 'हाउ यू डूइंग' म्हणा. इथे न बोलता जाणं उद्धटपणाचं समजतात.

पायाखालीही बघा. ओकच्या मुळांनी फुटपाथ जागोजागी उचलले आहेत.

गाडी लागेल का?

बहुतेक नाही. स्ट्रीटकार आणि बसचं तिकीट सव्वा डॉलरच्या आसपास, दिवसभराचा पासही स्वस्त. सेंट चार्ल्सची हिरवी गाडी १८३५ पासूनच्या मार्गावर धावते. रस्ते नदीच्या वळणाने वाकलेले असल्यामुळे पूर्व-पश्चिम इथे कुणी सांगत नाही. नदीच्या बाजूला, तलावाच्या बाजूला, अपटाउनकडे, डाउनटाउनकडे अशा चार दिशा लक्षात ठेवा.

कधी जावं आणि किती दिवस?

ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च. जुलै-ऑगस्टची दमट उष्णता मुंबईकरालाही नकोशी होते, आणि जूनपासून नोव्हेंबरअखेर चक्रीवादळांचा हंगाम असतो. मार्डी ग्रा आणि एप्रिल-मेमधल्या जॅझ फेस्टला खोल्यांचे दर फार चढतात. दिवस कितीही असोत, त्यात एक रविवार हवाच. गुरुवारी येऊन सोमवारी निघालात तर उत्तम.

भारतीय पासपोर्टवर काय लागतं?

बी१/बी२ व्हिसा. मुलाखतीची तारीख मिळायला बराच काळ लागू शकतो, म्हणून विमानाच्या तिकिटाआधी त्याची सोय बघा. भारतातून थेट विमान नाही.

मुलांना घेऊन जाता येईल का?

मिरवणुकीत खुशाल न्या, लहान मुलांच्या कानांना जपा. बऱ्याच बारमध्ये २१ वर्षांची अट असते आणि केस पांढरे असले तरी ओळखपत्र मागू शकतात. फ्रेंच क्वार्टरमधल्या प्रिझर्व्हेशन हॉल या जॅझच्या जागी मात्र सगळ्या वयाच्यांना घेतात.

संगीत फुकट असेल तर पैसे द्यायचे का?

हो, आणि हात आखडता घेऊ नका. प्रवेश फुकट असतो तेव्हा वादकांची कमाई श्रोत्यांपुढे ठेवलेल्या बादलीतूनच होते. माणशी पाच-दहा डॉलर टाका, शिवाय एक तरी पेय घ्या, बिनदारूचं चालतं.

राहायचं कुठे?

ट्रेमे आणि बायवॉटरमध्ये अख्खी घरं पर्यटकांना भाड्याने गेली, भाडी वाढली आणि तिथले वादकच लांब फेकले गेले. ज्यांचं ऐकायला आपण जातो त्यांच्याच घरात राहून त्यांना बाहेर काढू नये. परवाना असलेलं, मालक स्वतः राहतो असं गेस्ट हाऊस किंवा सरळ हॉटेल घ्या.

या शहराचा आपल्याकडच्या माणसांशी काही दुवा आहे का?

आहे, आणि दोन बाजूंनी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हुगळी जिल्ह्यातले बंगाली मुसलमान फेरीवाले चिकनकाम आणि रेशीम विकत न्यू ऑर्लिन्सला पोचले. त्यांतले काही ट्रेमेत राहिले, काळ्या आणि क्रिओल बायकांशी त्यांनी संसार केले. त्या गल्ल्यांतून चालताना हे आठवत असतं.

दुसरा दुवा उलट दिशेचा. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा काळ्या वादकांचा बँड मुंबईच्या ताजमध्ये वाजला, आणि गोव्याच्या वादकांनी ते संगीत आपलंसं केलं. हळदोण्याचे चिक चॉकलेट ट्रम्पेट वाजवायचे ते न्यू ऑर्लिन्समध्ये जन्मलेल्या लुई आर्मस्ट्राँगच्या ढंगात. सी. रामचंद्रांबरोबर त्यांनी काम केलं, आणि भगवानदादांच्या १९५१ च्या 'अलबेला'त तर ते पडद्यावरही दिसतात. आपल्या आजी-आजोबांनी ज्या ठेक्यावर ताल धरला, त्याची एक मुळी या वस्त्यांत आहे.

आज रात्री कुठे काय वाजतंय हे कसं कळेल?

डब्ल्यूडब्ल्यूओझेड, ९०.७ एफएम. श्रोत्यांच्या देणग्या आणि स्वयंसेवकांवर चालणारं हे केंद्र दिवसभरातल्या कार्यक्रमांची यादी अधूनमधून वाचून दाखवतं, वेबसाइटवरही ती असते. यादीत ट्रेमे, बायवॉटर, सेंट्रल सिटी, ओक स्ट्रीट असे पत्ते आले की ते लिहून घ्या. निघण्याआधी त्या जागेला फोन करून वेळ विचारा, कारण नऊचा कार्यक्रम दहाला सुरू होणं इथे नेहमीचं आहे. आणि जाण्याआधी महिनाभर घरी बसून इंटरनेटवर हेच केंद्र ऐकायला लागा, म्हणजे पोचाल तेव्हा कोणाला ऐकायचं हे तुमचं ठरलेलं असेल.